नगरसेवकांचे संपर्क कार्यालय: चिठ्ठी लगेच मिळते, मराठी विषयपत्रिकेचे तेवढे विचारू नका

बेळगावच्या दक्षिण भागात आमच्या नगरसेवकांनी जे संपर्क कार्यालय चालवले आहे, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. त्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शहरातील 58 पैकी बऱ्याच वॉर्डांत नुसते नाव बदलले तरी हाच मजकूर चालेल, असा माझा अंदाज आहे. कार्यालय म्हणजे रस्त्याला लागून असलेला एक गाळा. आत दोन टेबले, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रिंटर, भिंतीवर शिवछत्रपतींची तसबीर आणि सकाळपासून बसलेली माणसे.

सेवेचा भाग आधी सांगतो, कारण तो खरोखर चांगला आहे. तुंबलेले गटार, बंद पडलेला पथदिवा, न उचललेला कचरा यांची तक्रार टेबलावरचा मुलगा वहीत उतरवून घेतो, तिथल्या तिथे मुकादमाला फोन लावतो आणि काम बहुधा दुसऱ्या दिवशी होते. त्यासाठी कोणी पैसे मागत नाही. राकसकोप जलाशयाचे पाणी ठरलेल्या दिवशी आले नाही, तर टँकरचीही सोय होते. एप्रिलमध्ये घरपट्टीवर पाच टक्के सवलत असल्याने त्या महिन्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. तरीही चलन भरून देणे, आकडे तपासणे, ‘बेळगाव वन’ या नागरी सेवा केंद्रात कधी गर्दी कमी असते ते सांगणे, ही सगळी कामे मुले हसतमुखाने करतात.

अशाच गर्दीत माझ्या शेजारी विणकर गल्लीतील एक आजीबाई ई-खात्याचा, म्हणजे महापालिकेतील घराच्या डिजिटल नोंदीचा, कागद घेऊन बसल्या होत्या. कागद पूर्ण कन्नडमध्ये होता. मुलाने ओळीखाली बोट धरून तो वाचला आणि विचारले, “आज्जी, हितं अजून मालकांचंच नाव हाय, आणि तेबी चुकलंय. वारसा लावला नव्हता काय?” आजी म्हणाल्या, “लावलाय की रे! सगळं बरोबर हाय म्हणूनच कागद हातात दिलाय नव्हे त्यांनी.” चुकीचा कागद त्यांनी किती तरी दिवस पिशवीत जपून ठेवला होता, कारण त्यात काय लिहिले आहे हे कळायला त्यांना मार्गच नव्हता. मुलाने लेटरहेडवर महसूल विभागाच्या नावे पत्र तयार केले, शिक्का मारला आणि कोणत्या खिडकीवर जायचे तेही सांगितले. आजी आशीर्वाद देत उठल्या.

मला खटकले ते इथेच. निवडणुकीच्या वेळी याच नगरसेवकांनी गल्लीतल्या मंडळाच्या कट्ट्यावर उभे राहून सांगितले होते की, महापालिकेच्या सभेची विषयपत्रिका, घरपट्टीच्या नोटिसा आणि अर्जांचे नमुने कन्नडबरोबर मराठीतही मिळवून देऊ, आणि यापुढे कुणाच्या चिठ्ठीवाचून तुमचे काम अडणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्क्यांवर असेल तेथे त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत, यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीची निवेदने ज्या 1981 च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्याचा दाखला वर्षानुवर्षे देत आली आहेत, तो कायदाही त्यांनी त्या भाषणात मांडला होता. आम्ही मत दिले ते या बोलण्याला. आज त्या आजींना जे पत्र मिळाले, ते नगरसेवकांच्या सौजन्याचे निदर्शक आहे हे खरे. पण तो कागद मराठीत मिळाला असता, तर त्यांना या कार्यालयाची पायरी चढावीच लागली नसती. कार्यालयातील गर्दी जितकी वाढते, तितके ते आश्वासन मागे पडले आहे असे समजावे, आणि इथे तर गर्दी दर महिन्याला वाढते आहे.

मी नगरसेवकांना याबद्दल प्रत्यक्ष विचारले. त्यांनी चहा मागवला आणि कारणे सांगितली. सप्टेंबर 2021 मध्ये महापालिका निवडणुकीचा निकाल लागूनही महापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडला, तोवर सभागृहच नव्हते. हे मला मान्य आहे. त्यानंतर महापौरपद वर्षावर्षाने बदलत असल्याने विषय मार्गी लागत नाही, हे त्यांचे दुसरे कारण. मात्र ज्याला विषय मांडायचाच आहे, त्याला दर वर्षी नवा महापौर म्हणजे नव्याने मांडण्याची संधीच आहे. तिसरे कारण त्यांनी आवाज खाली आणून सांगितले, ते म्हणजे पक्षाचा आदेश. त्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्ष प्रथमच आपापल्या चिन्हांवर महापालिकेत उतरले, भारतीय जनता पक्षाने 35 जागा जिंकून बहुमत मिळवले आणि मराठी गटाची जुनी सत्ता संपली. चिन्हावर निवडून आलेल्याला चिन्हाचे ऐकावे लागते, हे कुणालाही समजते. मग ते मत मागताना का सांगितले नाही, या प्रश्नावर त्यांनी चहा गार होतोय याची आठवण करून दिली.

मराठी नगरसेवकाने काय किंमत मोजली पाहिजे, याबद्दल माझ्या अपेक्षा अवास्तव नाहीत. 2005 मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव महापालिकेने केला, तेव्हा महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासले गेले आणि पाठोपाठ महापालिकाच बरखास्त झाली. तशा ठरावाची मागणी आज आमच्या वॉर्डात कुणी केलेली नाही. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो नगरसेवक सोडवणार नाहीत, एवढे आम्हालाही कळते. सभेच्या नोटिशीची एक प्रत मराठीत द्या, असे एक लेखी पत्र आयुक्तांना पाठवावे, एवढीच अपेक्षा होती. शिफारशीची पत्रे छापणाऱ्या त्याच प्रिंटरवर ते पाच मिनिटांत निघाले असते.

जाता जाता पाटीचेही सांगतो. उद्घाटनाच्या दिवशी दारावर मराठीत ठसठशीत नाव होते. फलकांवर 60 टक्के कन्नड हवे, हा नियम 2024 मध्ये आल्यावर पाटी बदलली. त्यात नगरसेवकांचा दोष नाही, कायदा सर्वांना सारखा. पण उरलेल्या 40 टक्क्यांत मराठीला जागा देण्यापासून त्यांना कोणी अडवले नव्हते. तिथे आता इंग्रजी आहे. लेटरहेडवरही कन्नड आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत.

गुण द्यायचेच झाले, तर गटार, दिवे आणि कागदपत्रांच्या मदतीसाठी पाचपैकी चार देईन, आणि जे सांगून मते घेतली त्यासाठी शून्य. ज्यांचे काम अडले आहे त्यांनी जरूर जावे. सकाळी लवकर जावे, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि आधार कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स न्याव्यात, ई-खात्याचा कागद हातात पडल्याबरोबर टेबलावरच्या मुलाकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्यावा. आणि नगरसेवक स्वतः भेटले, तर मराठी विषयपत्रिकेचे पत्र आयुक्तांकडे गेले का, हे प्रत्येकाने विचारावे. चहा आला तरी विचारावे.