तैपेईचा कमोड की बँकॉकचा कंडोम?

जळगावहून निघताना आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, म्हणून बरं. तैवानमधल्या तैपेईच्या 'मॉडर्न टॉयलेट' या रेस्टॉरंटमध्ये बसायला कमोड, रस्सा इवल्याशा कमोडमध्ये, आणि चॉकलेट आइस्क्रीम संडासाच्या भांड्यात, वेटोळ्यासकट! बायकोने डोळे मिटून एकच चमचा घेतला. चव बेताचीच, पैसे फोटोचे.

बँकॉकच्या 'कॅबेजेस अँड काँडोम्स' या रेस्टॉरंटमध्ये पुतळ्यांचे कपडेसुद्धा कंडोमचे, आणि जेवणानंतर बडीशेपेऐवजी तेच हातात. पण इथला नफा मेचाई वीरवैद्य यांनी १९७४ मध्ये काढलेल्या कुटुंबनियोजनाच्या संस्थेला जातो. शिवाय करी झणझणीत, शेवभाजीला सोकावलेल्या जिभेला चालणारी. मी पुन्हा इथेच जाईन.

आईबाबा सोबत असतील तर मात्र तैपेईच. बडीशेपेच्या जागी काय आलं, हे बाबांना कोण समजावणार?