दाखवलेला नमुना अस्सल, आलेला माल नकली : चिलखतं ‘जुनी’ करण्याच्या रंगात मी कसा फसलो

मिरवणुकीसाठी, गॅदरिंगसाठी किंवा नाटकासाठी तुम्ही स्वतः चिलखतं बनवत असाल आणि ती मळलेली, गंजलेली, लढाई बघून आल्यासारखी दिसावीत अशी धडपड करत असाल, तर हे नीट वाचा. आमच्या पोरांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे गेले ते गेलेच, पण एका पोराच्या मानेला इजा झाली. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

मी सोलापुरात चित्रकला शिकवतो. गेल्या शिवजयंतीला आमच्या पेठेतल्या पोरांनी लेझमीच्या पुढे जिवंत देखावा करायचं ठरवलं. २६ पोरं, निम्मी मावळे आणि निम्मी आदिलशाही फौज. भाड्याच्या ड्रेपरीतली चकचकीत चंदेरी चिलखतं कुणालाच नको होती. मग चपलांच्या सोलसाठी वापरतात तसली ईव्हीए फोमची शीट आणली, चारआईन्याचे (छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चिलखताचे) चार पत्रे, दस्ताने, खांदे कापले, हीटगनने वळवले. दीड महिना रोज रात्री दहापर्यंत माझ्या ओसरीवर काम चालायचं. काळा हात मारून वर चंदेरी फिरवली तेव्हा लोखंडासारखं दिसायला लागलं खरं, पण नव्याकोऱ्या लोखंडासारखं. आता त्याला जुनाट करायचं होतं.

त्याच सुमारास ओळखीच्या ओळखीतून एक माणूस आला. सिनेमाच्या कलाविभागाला माल पुरवतो म्हणाला. पिशवीतून त्याने चिलखताचा डाव्या खांद्याचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. मी तो उजेडात धरला आणि बघतच राहिलो. खिळ्यांच्या भोवती गंज, तोही सगळीकडे सारखा नाही, पाणी ओघळेल तसा खाली उतरत गेलेला. पट्टा घासतो तिथे धातू उघडा पडलेला. खाचेत चिकट काळा मळ आणि वर धुळीचा हलका थर. नखाने खरवडलं, ओल्या रुमालाने पुसलं, काही निघालं नाही. “सर, हेच सगळं किटमध्ये येतं. इम्पोर्टेड पिगमेंट आहे,” तो म्हणाला.

तो तुकडा अस्सलच होता, आजही मला त्यात शंका नाही. फसलो ते त्यामुळेच. मी काम तपासलं, ते ज्या मालातून झालं म्हणून सांगितलं तो माल तपासलाच नाही. डबे मागितले तेव्हा “सील फोडता येत नाही सर” असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो. बिलाचं विचारलं तर “बिल घेतलंत तर १८ टक्के वर जातील, मंडळाचं काम आहे, कशाला?” पोरांचे पैसे वाचतील म्हणून तेही पटलं. एकूण १४,६०० रुपये ठरले. ९,००० लगेच यूपीआयने दिले. माल आठ दिवसांत येणार होता. दर दोन दिवसांनी तो माणूस नवं कारण सांगायचा. शेवटी माल आला १७ फेब्रुवारीला रात्री, ट्रॅव्हल्सच्या पार्सलने. पार्सलच्या पावतीचा फोटो हवा तर उरलेले ५,६०० आधी टाका, असं म्हणाला. मिरवणूक १९ला. टाकले.

हा उशीर ठरवून केलेला होता, हे मला आता कळतं. तपासायला वेळच उरू द्यायचा नाही.

पार्सलमध्ये गंजाचा तपकिरी, मळाचा काळा आणि ‘डस्ट’ असे तीन डबे आणि वरून मारायच्या ‘मॅट सीलर’च्या दोन बाटल्या होत्या. डस्टचा डबा उघडल्यावर गुलाबाचा वास आला. मातीला गुलाबाचा वास कशाला येईल, असं मनात आलंही. पण पोरं ब्रश घेऊन बसली होती. रात्रभर जागून सगळं रंगवलं. सकाळी सुकल्यावर दिसत होतं छान, हे मान्य करायला हवं.

१९ तारखेला दुपारी मिरवणूक निघाली. फेब्रुवारी असला तरी सोलापूरचं दुपारचं ऊन चटकतंच. लेझीम चालू, पोरं जोशात, सगळी घामाघूम. मधल्या मारुतीपर्यंत पोचलो नसू, तेवढ्यात एक पोरगा माझ्याकडे आला. “सर, चिकटायलंय.” त्याच्या छातीवरचा पत्रा पांढरट, दुधाळ झाला होता आणि बोट लावलं की साय निघावी तसा थर सुटत होता. त्याखालून तपकिरी पाणी निघून पांढऱ्या अंगरख्याच्या गळ्यावर ओघळलं होतं. बघता बघता सात जणांची तीच गत झाली. पत्रे उतरवून पोरं साध्या अंगरख्यावर चालली. दीड महिन्याचं काम टेम्पोत पडून परत आलं.

डाग धुऊन निघाले नाहीत. ड्रेपरीवाल्याने सात अंगरख्यांचे ४,२०० अनामतीतून कापून घेतले, आणि त्याचं काही चुकलं नाही. एका पोराच्या मानेवर पुरळ उठलं, डॉक्टरांकडे न्यावं लागलं. बरं व्हायला दहा दिवस लागले. त्याच्या आईला काय सांगायचं ते मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना डबे दाखवले. अण्णांचं आयुष्य सुताच्या डाइंगमध्ये गेलं, चादरीच्या रंगापासून टॉवेलच्या रंगापर्यंत. त्यांनी चिमूटभर तपकिरी पूड तळहातावर घेतली, वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद ओला करून जमिनीवर पसरला आणि पूड त्यावर अलगद फुंकली. मी वाकून बघत होतो. जिथे कण पडला तिथे ठिपका उमटला आणि पसरायला लागला. एक नारिंगी, एक निळा, एक लाल. तपकिरी एकही नव्हता. “सर, हा पिगमेंट नव्हं. कापडाचा डाय हाय, तीन रंग मिसळलेला,” अण्णा म्हणाले. “हा पाण्यात विरघळायलाच बनवलाय.”

तीस वर्षं रंग हाताळूनही मी हे करून बघितलं नव्हतं. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी पूड. पेल्यात टाकून ढवळली की थोड्या वेळाने तळाशी बसते आणि वरचं पाणी निवळायला लागतं. डाय पाण्यात उतरतो आणि कितीही वेळ ठेवला तरी पाणी रंगीतच राहतं. गंजाचा खरा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि तो घामाने विरघळत नाही.

मग बाकीचंही उलगडलं. तपकिरी पुडीवर लिंबू पिळलं तर फसफसली, म्हणजे वजन वाढवायला व्हायटिंग, म्हणजे खडूची पूड, घातलेलं. काळ्या डब्यावर ‘ब्लॅक ऑक्साइड’ लिहिलेलं. काळं लोह-ऑक्साइड चुंबकाला ओढतं, म्हणून कागदात गुंडाळलेला चुंबक त्यात फिरवला. एक कण चिकटला नाही. (काजळीचा काळा रंगही चुंबकाला चिकटत नाही आणि मळासाठी तो उत्तम चालतो, तेव्हा चिकटला नाही म्हणजे निरुपयोगी असं नव्हे. पण ऑक्साइडचे पैसे घेऊन दुसरं देणं ही फसवणूकच.) गुलाबाच्या वासाची डस्ट म्हणजे चेहऱ्याला लावायचा मुलतानी मातीचा लेप. आणि सीलर म्हणजे सुतार वापरतात तो पांढरा गोंद, पाणी घालून पातळ केलेला. साधा पांढरा गोंद सुकला की पारदर्शक दिसतो, ओल लागली की पुन्हा पांढरट आणि मऊ होतो. घामात दुसरं काय होणार होतं?

तेच पत्रे आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा केले आणि सगळं सामान सोलापुरातच पाचशे रुपयांच्या आत मिळालं. गंजाला काव आणि थोडी पिवडी. काव म्हणजे गेरू, मुळात लोहाचीच माती. मळाला काजळीचा काळा आणि अंबर (गडद तपकिरी मातीचा रंग) ॲक्रेलिकमध्ये पातळ करून सगळीकडे फासायचा आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायचा, खाचेत राहतो तेवढा पुरे. जिथे हात, पट्टा, म्यान घासतं तिथे कडांवर ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळायची, घासलेल्या लोखंडाची चमक येते. गंज पाणी साचेल तिथेच, खिळ्याखाली आणि जोडात, आणि ओघळ खालच्या दिशेनेच. धुळीला साधी मुलतानी माती, वास नसलेली. मातीची पूड उडते, म्हणून हे काम अंगणात आणि तोंडाला मास्क बांधूनच. पोटऱ्यांच्या पत्र्यांवर आम्ही आपली शेतातली काळी माती ॲक्रेलिक बाइंडरमध्ये कालवून थापली. ही माती सुकताना भेगाळते, त्यामुळे चिखल वाळल्यासारखाच दिसला. सगळ्यावर पाण्याला टिकणारा मॅट ॲक्रेलिक वार्निश, कंपनीचं लेबल आणि सीलबंद झाकण बघून घेतलेला. एक तुकडा रंगवून, दोन दिवस सुकवून, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने जोरात घासला. कापड पांढरंच राहिलं तेव्हा पुढचे घेतले.

एका पालकाने गंजासाठी शेंदूर सुचवला होता. तो मुळीच वापरू नका. पारंपरिक शेंदूर शिशाचा असतो, पोरांच्या अंगावर तो नको.

पैशांचं म्हणाल तर, त्या माणसाचा फोन २० तारखेपासून बंद. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तो नऊ दिवसांनी, आणि तिथेच हातचं गेलं. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी, पहिल्या काही तासांत कळवलं तरच ती गोठवली जाण्याची आशा असते. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते १९३० साल सोलापूरकराला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, तोच हा नंबर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्याकडे बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त यूपीआयच्या दोन नोंदी आणि डब्यांचे फोटो आहेत. तेवढ्यावरच तक्रार तयार करतोय.

तो माणूस नंबर बदलेल, नाव बदलेल, पण तो खांद्याचा तुकडा बदलणार नाही, कारण तसा दुसरा त्याच्याकडे असेल असं वाटत नाही. डावा खांदा, तीन खिळे, मधल्या खिळ्याखाली तांब्याच्या जंगासारखा हिरवट डाग आणि वरच्या कडेला तिरका घाव. पंढरपूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, कुठेही कुणी हा तुकडा पिशवीतून काढून तुमच्या हातात ठेवला, तर त्याच्यासमोरच पेलाभर पाणी मागवा आणि डबा फोडायला सांगा.