कोल्हापुरात कोणता नकाशा, कोणता शोध: पेठेच्या बोळापासून घाटापर्यंत

लग्नसराईत आमच्या घरी हा प्रसंग हमखास घडतो. पुण्याच्या पाहुण्यांची गाडी गंगावेशीपर्यंत सुरळीत येते आणि मग फोन वाजतो: "नकाशा म्हणतोय पोचलात, पण इथं तर घर दिसत नाही." मग घरातलं कुणीतरी चपला घालून तालमीच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहतं. शिवाजी पेठेत पत्ता सांगायची रीतच ती आहे. अमुक तालमीच्या मागं, तमुक गिरणीच्या बोळात.

गेली काही वर्षं मी फोनमध्ये तीन-चार नकाशे ठेवून ते आलटून पालटून वापरते आहे. फोनमध्ये जागा थोडी असते आणि सगळं ठेवणं जमत नाही, म्हणून कशासाठी काय ठेवावं हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी कसोटी एकच आहे. गूगल मॅप्स जिवंत राहतो तो इतरांच्या फोनवर. रस्त्यावरून फोन सरकतात त्यावरून त्याला गर्दी कळते, दुकानदार आपली नोंद करतात, गिऱ्हाईक फोटो टाकतात. त्यामुळं जिथं वर्दळ आहे तिथं तोच वापरावा. वर्दळ संपली, रेंज गेली किंवा रस्ताच पाण्याखाली गेला, की दुसरं साधन हाताशी हवं.

पत्ता पाठवायचा तर

व्हॉट्सॲपवरचं लोकेशन सगळेच पाठवतात. पण फोनवर तोंडी सांगता येईल किंवा पत्रिकेवर छापता येईल असा पत्ता हवा असेल, तर तीन पर्याय आहेत: गूगलचा प्लस कोड, मॅपल्स या भारतीय नकाशा-ॲपचा सहा वर्णांचा पिन आणि डाक विभागाचा डिजिपिन.

प्लस कोड काढायला नकाशावर आपल्या घरावर बोट दाबून धरायचं. खाली अक्षरं आणि आकड्यांचा छोटा कोड दिसतो. तो अक्षांश-रेखांशावरून गणितानं निघतो, त्यामुळं घराची कुठंही नोंद असायला लागत नाही. शेतातल्या विहिरीलाही प्लस कोड असतो. त्यात इंग्रजी स्वर नाहीत, शून्य आणि एकही नाहीत, म्हणून फोनवर सांगताना घोळ कमी होतो. कोल्हापूरचा पूर्ण कोड '७जे८पी'नं सुरू होतो. सांगलीचाही तसाच होतो, कारण हे पहिले चार वर्ण एक अंश लांब आणि एक अंश रुंद अशा मोठ्या चौकोनाचे आहेत. सांगताना ते वगळून उरलेले वर्ण आणि पुढं 'कोल्हापूर' म्हटलं की पुरतं.

अडचण वेगळीच आहे. नेहमीचा दहा वर्णांचा प्लस कोड सुमारे १४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो. ताराबाई पार्कातल्या बंगल्याला तेवढं पुरे, पण पेठेत १४ मीटरमध्ये तीन घरं आणि एक बोळ सहज मावतो. अकरावा वर्ण जोडला तर चौकोन साधारण ३ मीटरवर येतो, पण ते फार थोड्यांना माहीत असतं.

डिजिपिन इथं उजवा ठरतो. मे २०२५ मध्ये डाक विभागानं तो आणला. दहा वर्णांत सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरची जागा ठरते आणि त्याचंही निव्वळ गणितच आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेला आपला पिनकोड यामुळं जात नाही, तो लिहायचाच. पण डिजिपिन सांगितला तर पाहुण्याला तो कुठं टाकायचा हे समजावून सांगावं लागतं. प्लस कोड मात्र गूगल मॅप्सच्या शोधात टाकला की काम झालं. मॅपल्सचा पिन सहाच वर्णांचा, लक्षात ठेवायला सगळ्यांत सोपा. पण तो त्यांच्या यादीतल्या जागेला दिलेला क्रमांक आहे, त्यामुळं समोरच्याला मॅपल्सवरच जावं लागतं.

माझा निर्णय असा: पाहुण्यांसाठी प्लस कोड, पेठेतलं घर असेल तर अकरा वर्णांचा, आणि त्यासोबत तालमीचं नाव. तालमीचं नाव सोडू नका. गाडी लावून माणूस बोळात शिरला की कोडपेक्षा तेच कामाला येतं, कारण विचारलं तर कुणीही सांगतं.

नावांबद्दल एक सांगायलाच हवं. नकाशात ताराराणी चौक शोधणारा आणि कावळा नाका विचारणारा माणूस एकाच जागी चाललेला असतो. शिवाय २०२१ पासून गूगल ठिकाणांची इंग्रजी नावं यंत्रानं मराठी लिपीत उतरवतो, म्हणून पाट्यांवरची नावं कधीकधी ओळखू येत नाहीत. देवनागरीत शोधून सापडलं नाही तर तेच नाव इंग्रजी अक्षरांत टाकून बघा.

शहरात आणि हायवेवर

इथं मी फार वेळ घेत नाही, गूगल ठेवा. दुचाकीचा वेगळा पर्याय त्यानं भारतात डिसेंबर २०१७ मध्ये आणला. महाद्वार रोडच्या आसपास तो वापरायलाच हवा, कारण चारचाकीचा रस्ता आणि दुचाकीचा रस्ता तिथं एक नसतो. चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय २०२४ मध्ये हैदराबाद, बंगळूर, चेन्नई अशा आठ शहरांपासून सुरू झाली. त्या आठांत कोल्हापूर नव्हतं, म्हणून मोठी गाडी घेऊन पेठेत शिरताना नकाशावर विसंबू नका.

दोन सोयी मात्र फार थोडे लोक वापरतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी गाडी लावल्यावर नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून पार्किंगची जागा जपून ठेवावी. दर्शन, खरेदी, मिसळ करून परत येईपर्यंत गाडी कुठल्या गल्लीत लावली ते आठवत नाही, आणि गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. दुसरी सोय म्हणजे 'किती वाजता निघायचं' ते टाकून प्रवासाचा अंदाज बघणं. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघणं आणि शनिवारी पहाटे निघणं यातला फरक घरबसल्या दिसतो.

रेंज गेल्यावर

इथं गूगल मागं पडतो. त्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेता येतो आणि तो घ्यावाच, पण ऑफलाइन असताना तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो. पायी चालायचा रस्ता सांगत नाही, वाहतुकीची स्थितीही दाखवत नाही. आंबा घाटातून रत्नागिरीला गाडीनं जाणाऱ्याला एवढं पुरतं. पन्हाळ्यावरून मसाई पठार, पांढरपाणी करत पावनखिंडीला चालत जाणाऱ्याला पुरत नाही.

माझा धाकटा भाऊ दरवर्षी जुलैत त्या वाटेनं जातो. शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये ज्या रात्री पन्हाळ्यावरून निसटले, त्या रात्रीची ती वाट धुक्यात आणि पावसातच चालायची असते. मसाई पठारावर ढग उतरला की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठार इतकं सपाट की दिशेचा अंदाज येत नाही. तो ऑरगॅनिक मॅप्स वापरतो. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनीच भरलेला खुला नकाशा. ॲपमध्ये जाहिरात नाही, आणि तुम्ही कुठं गेलात याची नोंद ते कुणाला पाठवत नाही. नकाशा एकदा उतरवला की पायवाटा, चढ-उताराच्या रेषा, पायी जायचा मार्ग, सगळं रेंजशिवाय मिळतं. नेट शोधत राहावं लागत नसल्यानं फोन विमान मोडवर टाकता येतो आणि चार्जिंग टिकतं.

ओस्मअँड हेही त्याच नकाशावर चालणारं, पण जड ॲप. त्यात बटणं फार आहेत आणि फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात. चाललेल्या वाटेची नोंद ठेवून त्याच पावलांनी मागं फिरायची सोय त्यात चांगली आहे, म्हणून गट घेऊन जाणाऱ्यानं ते ठेवावं. एकट्यादुकट्यानं ऑरगॅनिक मॅप्स ठेवावं.

लोकांनी भरलेल्या नकाशाची उणीवही तशीच आहे: कुणी भरलं नसेल तर तिथं काहीच नसतं. शहरातलं नवं दुकान, डॉक्टरांची वेळ, फोन नंबर यासाठी तो उपयोगी नाही. पण चूक दिसली तर ती आपण स्वतः दुरुस्त करू शकतो. आमच्या बोळाचं नाव मी स्वतः तिथं घातलं आहे.

पाऊस, पूर आणि प्लॉट

कोल्हापूरकरांनी सगळ्यांत जास्त विचार इथं करावा असं मला वाटतं. नकाशातली लाल रेघ म्हणजे हळू चालणाऱ्या गाड्यांची रांग. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर रांगच नसते. बंदची नोंद कुणी केली तरच ती नकाशात दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच अनेक दिवस बंद राहिला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. त्यात आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. एरवी गावाहून गावाला जायला तेच जवळचे रस्ते असतात, आणि पावसाळ्यात पाण्याखाली सगळ्यांत आधी तेच जातात. दुचाकीचा पर्याय निवडला की असा बंधाऱ्यावरचा रस्ता पुढ्यात येऊ शकतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी कुठलाही नकाशा उघडू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचं पाणीपातळीचं पत्रक बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पातळीसोबत किती बंधारे पाण्याखाली आहेत तेही त्यात असतं. घाटाचंही तसंच आहे. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद होता, तेव्हा गगनबावड्यापर्यंत जाऊन लोक भुईबावड्याकडं वळत होते.

आता प्लॉटचं. आमच्या दाजींना नदीच्या बाजूला एक जागा आवडली आहे. विकणारा सांगतो, "इथं पाणी येत नाही." हे तपासायला आम्ही तीन साधनं वापरली.

गूगल अर्थ प्रो संगणकावर २०१५ पासून फुकट आहे. त्यात जुन्या वर्षांची चित्रं मागं सरकवत बघता येतात. तिथं आधी शेत होतं की ओढा, भराव कधी टाकला, हे दिसतं. जागेच्या चारी बाजूंनी रेघ ओढली की क्षेत्रफळही मिळतं; चौरस मीटरला १०१.१७ नं भागलं की गुंठे. पण पुराचं चित्र त्यात बहुधा मिळत नाही. साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडचं दिसत नाही, आणि पूर असतो तेव्हा वर ढगच असतात.

त्यासाठी कोपर्निकस ब्राउझर उघडा. ही युरोपची फुकट सोय आहे. त्यातला सेंटिनेल-१ हा उपग्रह रडारनं बघतो, त्यामुळं ढग आणि रात्र दोन्ही त्याला आड येत नाहीत. तारीख निवडायची, आणि साचलेलं पाणी काळं दिसतं. चित्र ढोबळ असतं, एका ठिपक्यात साधारण दहा मीटर जागा येते, आणि पाणी सर्वांत चढलं त्याच दिवशी उपग्रह वरून गेला असेल असं नाही. त्यामुळं जागा काळी दिसली तर सावध व्हावं. काळी दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

तिसरं म्हणजे राज्य सरकारचा महाभूनकाशा. गट नंबर टाकला की गटाची हद्द दिसते. उपग्रहचित्रात बांध कुठं आणि कागदावर हद्द कुठं, हे शेजारी ठेवून बघता येतं. फरक दिसला तर भांडायला जाऊ नका, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. या तिन्हींतून एकच निवडायचं असेल तर जागा घेणाऱ्यानं कोपर्निकस निवडावं, कारण बाकीचं विकणाराही दाखवू शकतो.

शोधायचं कशात

पूररेषेचे सरकारी नकाशे शोधताना दाजी आणि मी दोन संध्याकाळी बसलो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. साधा शोध घेतला तर बातम्याच बातम्या आल्या. तेव्हा गूगलच्या जुन्या युक्त्या कामाला आल्या. इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून दोन टिंबं आणि सरकारी संकेतस्थळाचा शेवट टाकला की फक्त सरकारी पानं येतात. तसंच 'फाइलटाइप', दोन टिंबं, 'पीडीएफ' टाकलं की फक्त कागदपत्रं. 'बिफोर' आणि 'आफ्टर'नं तारखा बांधता येतात. वरच्या पट्टीतला 'वेब' हा पर्याय निवडला की फक्त दुवे उरतात. तो मे २०२४ पासून आहे.

डकडकगो या दुसऱ्या शोधयंत्रात उद्गारचिन्ह आणि छोटा संकेत टाकून थेट दुसऱ्या संकेतस्थळात शोधता येतं, आणि तो तुमच्या शोधांचा इतिहास साठवत नाही. रोज विकिपीडिया आणि शब्दकोश बघणाऱ्याला तो हातचा वाटेल. मराठी कागदपत्रांसाठी मात्र मला गूगलच पुढं वाटला.

तरीही मराठीत एक अडसर आहे आणि तो कुठल्याच शोधयंत्राचा दोष नाही. सरकारी कार्यालयांची कितीतरी जुनी कागदपत्रं युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण यंत्राला आत भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यामुळं 'पूररेषा' टाकून ती कधीच सापडत नाहीत. अशा वेळी फाइलचं नाव इंग्रजीत काय ठेवलं असेल याचा अंदाज करून शोधायचं. जुन्या संदर्भांना तर स्पेलिंगही जुनं लागतं. इंग्रजांच्या कागदांत कोल्हापूर बऱ्याचदा 'ह'शिवाय लिहिलेलं असतं. १८८६ चं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं कोल्हापूरचं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतं, आणि नदीकाठच्या गावांचं वर्णन त्यात आजही वाचण्यासारखं आहे.

दाजींना 'फ्लड लाइन' आणि 'पंचगंगा' असं इंग्रजीत टाकल्यावर कागद मिळाला. नकाशा स्कॅन केलेला होता, गट नंबर पुसट. रडारच्या चित्रात त्या जागेच्या पूर्वेचा कोपरा काळा दिसतो. सोमवारी ते मूळ नकाशा बघायला जलसंपदा विभागाच्या कार्यालयात जाणार आहेत. विसार अजून दिलेला नाही.