पैसे देऊन घेतलेला शेअर बाजाराचा डेटा: नऊ महिन्यांचा अनुभव आणि एका गुणकापायी झालेली भांडणं

गणेशचतुर्थीला, २७ ऑगस्ट २०२५ रोजी, आरती-जेवणं उरकल्यावर मी लॅपटॉप उघडला. बाजाराला सुट्टी होती. आदल्या दिवशी एचडीएफसी बँक एक्स-बोनस झाली होती, १:१. म्हणजे एका शेअरवर एक फुकट; त्या दिवसापासून घेणाऱ्याला बोनस मिळत नाही आणि भाव निम्म्यावर येतो. माझ्या डेटावाल्यांनी तुलना जुळावी म्हणून मागचे भाव निम्मे केले का, एवढंच मला बघायचं होतं. केले होते, पण एक दिवस चुकवून. रेकॉर्ड डेट (भागधारकांची यादी पक्की होते तो दिवस) २७ म्हणून त्यांनी २७च्या आधीचं सरसकट सगळं निम्मं केलं. २६ तारखेला भाव बाजारातच निम्मा झालेला होता, तो यांनी पुन्हा निम्मा केला. साधारण ९७०ला बंद झालेला शेअर माझ्या चार्टवर ४८५ला. त्या दिवशी खरेदी दाखवणारी कुठलीही स्ट्रॅटेजी २८ तारखेला पैसे दुप्पट झालेले दाखवणार.

हे लिहायचं कारण तेच. कंपनीचं नाव देत नाही. ही चूक कुठेही असू शकते आणि तपासायची रीत सगळीकडे एकच.

एप्रिलमध्ये वर्षाचा प्लॅन घेतला. १४,००० आणि वर जीएसटी, मिळून १६,५२० रुपये. पोस्टातली आरडी पूर्ण झाली होती, त्यातून दिले. तोवर मी एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) भावकॉपीवर, म्हणजे रोजच्या भावांच्या फाईलवर, काम भागवत होते. ती रोज फुकट मिळते, पण त्यात दिवसाचेच भाव असतात आणि बोनस-स्प्लिटचा (एका शेअरचे अनेक शेअर होण्याचा) हिशेब आपला आपण करायचा. मला मिनिटाचा डेटा, म्हणजे दर मिनिटाचे भाव, हवा होता आणि तो हिशेब दुसऱ्या कुणी नीट करून द्यायला हवा होता. पैसे मी त्याचेच दिले.

माझी स्ट्रॅटेजी साधी आहे. मिनिटाच्या डेटात भाव मागच्या २० दिवसांच्या उच्चांकावर गेला की खरेदी, १० दिवसांच्या नीचांकाखाली गेला की बाहेर (हा स्टॉपलॉस), नाहीतर दहा सत्रांनी विकून मोकळं व्हायचं. उच्चांक-नीचांक दिवसाच्या डेटातून घ्यायचे. २०१५पासूनची बॅकटेस्ट (जुन्या भावांवर चाचणी) चालवली तर वर्षाला २२ टक्के. दोन महिने मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. थोडे खरे पैसेही लावले.

जूनमध्ये सगळे सौदे तोट्याच्या क्रमाने लावून बघितले. सर्वांत वर रिलायन्स, २८ ऑक्टोबर २०२४, जवळजवळ पन्नास टक्के तोटा. तो १:१ बोनसचा दिवस. २५ तारखेला २,६५५च्या आसपास बंद झालेला शेअर २८ला १,३३०च्या घरात होता. म्हणजे मिनिटाचा डेटा अ‍ॅडजस्ट (बोनस-स्प्लिटप्रमाणे मागचे भाव बदलणं) केलेलाच नव्हता आणि दिवसाचा केलेला होता. मग मागे गेले आणि पोटात गोळा आला. २८ ऑक्टोबरच्या आधी रिलायन्समध्ये खरेदीचा सिग्नल रोज होता. एक सौदा सुटला की दुसऱ्या दिवशी पुन्हा खरेदी, वर्षानुवर्षं. साहजिक आहे: मिनिटाचा भाव २,६००, त्याच्याशी तुलना होतेय १,३००च्या उच्चांकाची. आणि स्टॉपलॉस तर कधीच लागणार नाही. इन्फोसिसमध्ये सप्टेंबर २०१८पर्यंत हेच, नेस्लेमध्ये तर एकाचे दहा असा स्प्लिट झाला त्या जानेवारी २०२४पर्यंत.

यातला खरा धोका वेगळाच आहे. बोनस आणि स्प्लिट बहुतेक त्याच कंपन्या देतात ज्यांचा भाव आधीची काही वर्षं चढत आलेला असतो. त्यामुळे खोटे सिग्नल नेमके चढणाऱ्या शेअरांवर पडले. एक्स-डेटचा एखादा मोठा तोटा सोडला तर बाकी सगळं गोडच दिसणार. दुरुस्त करून पुन्हा चालवलं, ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यांवरचा कर) वगैरे खर्च वजा केला, तर २२चे ६ टक्के झाले. बँकेत एफडीत ठेवले असते तर याहून जास्त मिळाले असते.

तक्रार केली. तिकीट दोन दिवसांत ‘सोडवलं’ म्हणून बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. फोनवर उत्तर मिळालं, “मॅडम, आमचा डेटा अ‍ॅडजस्टेडच आहे, बाकी कोणाची तक्रार नाही.” कोणता डेटा, दिवसाचा की मिनिटाचा, हे विचारल्यावर ते थांबले. त्यांच्या माहितीपानावर हा फरक एका ओळीनेही लिहिलेला नाही. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला आणि अजून आहे.

चतुर्थीचा प्रकार झाल्यावर मी तारखांचा तक्ता करून चौथा मेल पाठवला. या वेळी मात्र त्यांच्या एका इंजिनिअरचा स्वतःहून फोन आला. पाऊण तास बोलले. २६ ऑगस्टची चूक त्यांनी तिथेच मान्य केली, दोन दिवसांत सुधारली, आणि मला एक सीएसव्ही फाईल पाठवली: प्रत्येक शेअर, एक्स-डेट, गुणक (मागचे भाव ज्याने गुणायचे तो आकडा). बस, मला हेच हवं होतं!

इथे माझं मत बदललं. मिनिटाचे भाव कच्चे ठेवलेत हेच बरोबर आहे, असं मला आता वाटतं. भाव ५००च्या खाली असेल तरच घ्यायचा, असा नियम लावला तर अ‍ॅडजस्ट केलेला भाव खोटं बोलतो, कारण पुढे होणारा बोनस त्यात आधीच मुरलेला असतो. एक लाखात किती शेअर बसतील हेही त्या दिवशीच्या खऱ्या भावावरच ठरतं. तेव्हा कच्चा भाव द्या, गुणक वेगळा द्या, गुणाकार आम्ही करतो. भाव निम्मा केला की आधीचं व्हॉल्यूम (किती शेअरांचे सौदे झाले तो आकडा) दुप्पट करायचं, हे मात्र विसरू नका. त्यांच्या दिवसाच्या डेटात ते आजही केलेलं नाही.

दोन गोष्टींसाठी त्यांना मनापासून शाबासकी. एक, मेलेले शेअर. डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी दिवाळखोरीनंतर जून २०२१मध्ये बाजारातून उठली, भागधारकांना काही मिळालं नाही. तिचा डेटा यांच्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत आहे. निफ्टीत कोण कधी होतं याची यादी मात्र नाही. येस बँक मार्च २०२०मध्ये बाहेर पडली, असल्या नोंदी मी परिपत्रकं वाचून स्वतः केल्या. दुसरी गोष्ट २४ फेब्रुवारी २०२१. एनएसई ११:४०ला बंद पडलं, ३:४५ला सुरू होऊन ५पर्यंत चाललं. साडेतीननंतरचं (बाजार एरवी तेव्हा बंद होतो) छाटून टाकणारा डेटा मी आधी पाहिला होता. यांच्याकडे ती ७५ मिनिटं आहेत. मी एकेक कॅन्डल (चार्टवरची एका मिनिटाची काडी) मोजली.

ऑक्टोबर २०२५मध्ये टाटा मोटर्सचं विभाजन झालं, म्हणजे एका कंपनीच्या दोन झाल्या, तेव्हा मी धास्तावले होते. तिथे २:१, १०:१ असलं सरळ प्रमाण नसतं. बाजार उघडण्याआधीच्या विशेष पूर्व-सत्रात जो भाव निघेल त्यावरून गुणक काढावा लागतो. शेअर ६६०वरून ४००ला उघडला. त्याच संध्याकाळी गुणक फाईलमध्ये होता आणि बरोबर होता.

वेग, लॉगिन, मर्यादा यांबद्दल तक्रार नाही.

एप्रिलमध्ये वर्षाचा प्लॅन पुन्हा घेणार नाही. महिन्याचा घेईन, तोवरचा मिनिटाचा डेटा आणि गुणकांची फाईल उतरवून घेईन, आणि दिवसाच्या भावांसाठी पुन्हा भावकॉपी. तुम्ही कुठलाही डेटा घेणार असाल तर पैसे भरण्याआधी ट्रायलमध्ये चार दिवस मागून घ्या: रिलायन्स २५ आणि २८ ऑक्टोबर २०२४, एचडीएफसी बँक २६ ऑगस्ट २०२५, आणि निफ्टी २४ फेब्रुवारी २०२१ दुपारी पावणेचारनंतर. दिवसाचा आणि मिनिटाचा, दोन्ही मागा.