पैसे भरून उजवी सीट: ५०० तासांचं लाइन ट्रेनिंग पॅकेज घ्यावं का?

सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात, लॉगबुकात उड्डाणाचे २०० तास आणि नोकरीचा पत्ता नाही. अशा मुलामुलींच्या घरी एजंट हे पॅकेज घेऊन येतो: एअरबस ए३२०चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, आणि त्यावर लाइन ट्रेनिंग म्हणून परदेशी कंपनीच्या प्रवासी विमानात ५०० तास, को-पायलटच्या सीटवर. फी जागोजागी वेगळी असते, इथं हिशेबापुरते ४० लाख धरू. आमच्याकडून पाचपैकी दीड तारा, आणि तो दीडही फक्त टाइप रेटिंगला.

रेटिंगचं शिक्षण खरं असतं. आधी ग्राउंड क्लास, मग न हलणारा ट्रेनर, मग फुल-फ्लाइट सिम्युलेटर. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणं, गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, शेवटी स्किल टेस्ट. पण हा माल नाशिवंत आहे. ठरलेल्या मुदतीत सिम्युलेटर चेक दिला नाही तर पुन्हा खर्च. आंब्याची पेटी भरण्याआधी वाशी बाजाराची गाडी ठरलेली असावी लागते, तसं रेटिंगआधी नोकरीचं पत्र हातात हवं. शिवाय रेटिंग एकाच जातीच्या विमानाचं असतं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं ते एटीआर. ए३२०चं रेटिंग त्यावर चालत नाही.

खरी गोम लाइन ट्रेनिंगमध्ये आहे. डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन, उजवीकडे तुम्ही आणि सुरुवातीच्या सेक्टरांना, म्हणजे फेऱ्यांना, मागच्या जंप सीटवर गरज पडलीच तर सांभाळून घेणारा सेफ्टी पायलट. तयारी पटली की सेफ्टी पायलट उतरतो, पुढे रिलीज चेक ही अखेरची परीक्षा होते आणि तुम्ही को-पायलटचं पूर्ण काम करू लागता. चेकलिस्ट, रेडिओ, लँडिंग, सगळं. नोकरीतला माणूस या कामाचा पगार घेतो, इथं तुम्ही त्याच कामाचे पैसे भरत राहता. म्हणजे कंपनीला को-पायलट मिळतो आणि वर पैसेही मिळतात. मग ५००वा तास संपल्यावर तिनं तुम्हाला का ठेवावं? त्या सीटवर पुढचा पैसे भरणारा बसतो. पगारी को-पायलटची ती जागा कधी निघतच नाही, त्यामुळे नुकसान तुमच्यामागून येणाऱ्या पोरांचंही होतं.

परतल्यावर ५०० तास अर्ध्या वाटेवरचे ठरतात. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १५०० लागतात. परदेशातले तास तिथल्या नियामकाकडून पडताळून आणावे लागतात आणि भरती करणारे अलीकडच्या काही महिन्यांत किती उडवलं तेही बघतात. पडताळणीत वेळ गेला की तास शिळे होतात.

करारात महिन्याला किमान किती तास मिळणार हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका. महिन्याला ७० तास मिळाले तर सात महिन्यांत सुटका, ३० मिळाले तर सतरा महिने. पावसाळ्यात आपल्या होड्या किनाऱ्याला लागतात तसा विमान कंपन्यांचाही मंदीचा हंगाम असतो, आणि तेव्हा आधी पगारी पायलटांचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, भरतं. राहणं-खाणं तुमच्याच खिशातून. रिलीज चेक हुकला तर जादा सेक्टरांचे पैसे कोण भरणार, कंपनी बुडाली तर परतावा कोण देणार, हेही लेखी हवं. गो फर्स्ट या भारतीय विमान कंपनीची विमानं मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा रीतसर पगारावर असलेले वैमानिकही अडकले; तुमचं नाव तर कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या यादीत तळाला.

सुरक्षेचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त छळतो. अंगात ताप आहे, झोप झालेली नाही, तरी पैसे भरून घेतलेला तास कोण सोडेल? फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० जण गेले. त्याचा कॅप्टन पूर्वी अशाच पैसे भरून तास मिळवण्याच्या कार्यक्रमातून आलेला होता. तपासात कारण म्हणून ती योजना नोंदलेली नाही, स्टॉलच्या, म्हणजे वेग घटून पंखांचा आधार सुटण्याच्या, इशाऱ्यावर कॅप्टननं दिलेली चुकीची प्रतिक्रिया नोंदली आहे. पण वैमानिक कसे घडतात हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला आणि २०१३ पासून तिथं को-पायलटलाही साधारण १५०० तास बंधनकारक झाले.

आता कर्ज. ४० लाख, ११ टक्के, सात वर्षं: हप्ता सुमारे ६८,५०० रुपये, सीपीएलच्या कर्जाचा वेगळाच. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. मग घर, नाहीतर बाग. सामाईक सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांच्या सह्या मागण्याआधी त्यांना हे सगळं समजावून सांगा. ‘पोरगी पायलट होतेय’ एवढंच सांगून सही घेऊ नका.

त्यापेक्षा इन्स्ट्रक्टर रेटिंग करून फ्लाइंग क्लबात शिकवा. हे तास बहुतेक सिंगल इंजिनचे, एअरलाइन त्यांना कमी धरते, हे खरं. पण पगार मिळतो आणि हात चालू राहतो. पॅकेजच घ्यायचं असेल तर निदान पैसे टप्प्याटप्प्यानं भरा, आणि दर १०० तासांनंतर कॅप्टनची सही असलेली लॉगबुकाची पानं हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका.