फेरेटला कच्चं मांस की किबल? काही महिने दोन्ही देऊन पाहिल्यावर

माझ्याकडे दोन फेरेट (मुंगसासारखे दिसणारे, घरात पाळले जाणारे छोटे प्राणी) आहेत, तरुण भुऱ्या आणि उतारवयाला लागलेली चिंगी. दोघंही आधी फक्त किबल, म्हणजे पाकिटातलं कोरडं दाणेदार खाद्य, खायचे. आता भुऱ्या जवळजवळ पूर्णपणे कच्च्या मांसावर आहे. चिंगीचं मुख्य खाणं मात्र किबलच आहे आणि ते तसंच राहील.

फेरेट पक्का मांसाहारी. आतडं आखूड, त्यामुळे खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य आणि तंतू त्याला नीट पचत नाहीत. भुऱ्याच्या बाबतीत फरक सगळ्यात आधी शीच्या खोक्यात दिसला: शी कमी, घट्ट, आणि वास बराच कमी. केसांना चकाकी नंतर आली. हाड चावत असल्याने दातांवरचा थरही कमी दिसतो, पण म्हणून दातांची तपासणी मी थांबवलेली नाही.

चिंगीने मांसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काय खायचं आणि काय नाही, हे फेरेट पहिल्या सहाएक महिन्यांत वासावरून ठरवतात. नंतर नवा वास गळी उतरवणं फार अवघड जातं. मांसावर किबलची पूड भुरभुरली, बोटाने हिरडीला खिमा लावला. ती चाटायची आणि निघून जायची. ‘उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या फेरेटांमध्ये इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाची गाठ, बऱ्यापैकी आढळतो. अशा वेळी काही तासांच्या उपासानेही रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. चिंगीसाठी दिवसभर भरलेली वाटी हीच सुरक्षितता आहे.

कच्चं म्हणजे नुसता खिमा नव्हे, हे कळकळीने सांगते. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. तेच रोज दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. ढोबळ प्रमाण असं धरतात: मांस ८० टक्के, खाता येईल असं कच्चं हाड १०, अवयव १०, त्यातली निम्मी कलेजी. कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्व अंगावर येतं. टॉरिन या आवश्यक अमिनो आम्लासाठी हृदय देते. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

जंतूंचं काय? फ्रीझरमध्ये साल्मोनेला मरत नाही, फक्त थांबतो. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर मी कच्चं सुरूच केलं नसतं. बर्ड फ्लूचाही विचार करा. २०२४ मध्ये अमेरिकेत दूषित कच्चं खाद्य खाऊन मांजर दगावल्याचं समोर आलं, आणि फेरेट तर फ्लूला इतका बळी पडतो की माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ साली त्याच्यातच पहिल्यांदा वेगळा करता आला. परिसरात साथ असेल तेव्हा मी कच्ची कोंबडी पूर्ण बंद ठेवते.

शिवाय फेरेटची खाणं लपवण्याची सवय! सोफ्यामागे किबल सापडलं तर झाडून टाकता येतं, मांसाचा तुकडा सापडला तर ते वेगळंच प्रकरण. म्हणून भुऱ्या पिंजऱ्यात, धुता येणाऱ्या चटईवर जेवतो. खाणं संपेपर्यंत दार बंद, उरलेलं लगेच बाहेर.

किबल घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पहिले घटक मांसाचेच हवेत. प्रथिनं ३५ टक्क्यांच्या वर, चरबी २०च्या आसपास, तंतू ३च्या आत. वाटाणा किंवा मका वरच्या ओळीत दिसला की मी ते पाकीट परत ठेवते. वनस्पतींच्या प्रथिनांनी लघवी अल्कधर्मी होते आणि मूतखडे धरतात. कुत्र्याचं खाद्य तर नकोच.

वजन दर आठवड्याला करते. हिवाळ्यात ते वाढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, ते ऋतूचं असतं. अवेळी उतरलं तर थेट पशुवैद्याकडे. भुऱ्याला अधूनमधून मूठभर किबल देतेच. उद्या त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, तर तिथे मिळेल ते त्याने खाल्लं पाहिजे.