पारेषण खर्च वाटायचा कसा: पोस्टेज स्टॅम्प, ट्रेसिंग की मार्जिनल पार्टिसिपेशन?

आधी जाळे कसे आहे ते बघा. 400 केव्हीच्या जाळ्यात वीज सगळ्या समांतर वाटांनी विभागून जाते. करार कुणाचा कुणाशी आहे, याचा तिथे संबंध नसतो. अशा जाळ्याला डीसी लोड फ्लो (कोणत्या तारेतून किती वीज जाते याचे सोपे केलेले गणित) पुरतो: दाब (व्होल्टेज) सगळीकडे 1 पर युनिट, म्हणजे ठरलेल्या मूल्याइतकाच, रोध (रेझिस्टन्स) शून्य, प्रवाह म्हणजे तारेच्या दोन टोकांवरील दाबाच्या कोनांतला फरक भागिले रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला तारेचा रोधाखेरीज होणारा विरोध). हेच सूत्र 11 केव्ही फीडरला (उपकेंद्रातून ग्राहकांकडे जाणाऱ्या वितरण तारेला) लावू नका. तिथे रोध आणि रिअॅक्टन्स साधारण एकाच मापाचे असतात, आणि दुपारी सौरवीज उलटी वर चढताना वाढणारा दाब या प्रारूपात दिसतच नाही. तिथे बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप घ्या, म्हणजे टोकापासून मागे येत प्रवाह आणि मग पुढे जात दाब, असे आलटूनपालटून काढा.

पोस्टेज स्टॅम्प सगळ्यांत सोपी. एकूण खर्च मागणीच्या प्रमाणात वाटायचा, लोड फ्लोची गरजच नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत पारेषण खर्च वितरण कंपन्यांत याच धर्तीवर, कमाल मागणीच्या आधारे वाटला जातो. मात्र उपकेंद्राला खेटून असलेला ग्राहक दूरच्या ग्राहकाच्या तारांचेही पैसे भरतो.

ट्रेसिंगमध्ये प्रवाहाचा माग काढतात. बसमध्ये (तारा जिथे एकत्र जोडल्या जातात त्या बिंदूत) दोन स्रोतांकडून 30 आणि 90 मेगावॉट येऊन 80 आणि 40 बाहेर जात असतील, तर 80 मधले 20 पहिल्याचे, 60 दुसऱ्याचे. 40 मधले 10 आणि 30. हे समप्रमाण गृहीतच धरलेले असते, मोजून सिद्ध करता येत नाही. शिवाय उलट दिशेने वीज ढकलून तारेवरचा भार हलका करणाऱ्याला त्याचे श्रेय मिळत नाही.

मार्जिनल पार्टिसिपेशनमध्ये एका बसवर 1 मेगावॉट वाढवून प्रत्येक तारेवरचा फरक बघतात. जागेनुसार दर हवा असेल तर माझी पसंती हिलाच. अडचण स्लॅक बसची, म्हणजे वाढवलेला 1 मेगावॉट जिथे शोषला जातो असे धरतात त्या बसची: ती बदलली की वाटणी बदलते. म्हणूनच 2011 पासून भारताच्या आंतरराज्य जाळ्यात प्रत्येक बससाठीच्या स्लॅक बस सरासरी सहभागाच्या (म्हणजे ट्रेसिंगच्या) पद्धतीने ठरवून संकरित रीत वापरली गेली.

आंतरराज्य पारेषण खर्चाच्या वाटणीसाठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने केलेल्या 2020 च्या नियमावलीतली एक गोष्ट लहान जाळ्यांनीही जरूर उचलावी. 400 केव्ही ट्विन मूज तारेची (प्रत्येक फेजला मूज जातीच्या दोन वाहक तारा) सर्ज इम्पीडन्स लोडिंग, म्हणजे तारेचा नैसर्गिक भार, सुमारे 515 मेगावॉट. तिच्यातून 200 जात असतील, तर खर्चाचा साधारण 39 टक्के भागच वापरानुसार वाटायचा. बाकीचा जाळे वापरण्याच्या मंजूर क्षमतेच्या प्रमाणात. नाहीतर रिकाम्या तारेचा सगळा बोजा मोजक्या वापरकर्त्यांवर पडतो.

एकाच उपकेंद्रातून फुटलेला फीडर असेल, तर या गणिताच्या वाटेला जाऊ नका. पोस्टेज स्टॅम्प बस. पण मोजणी दुपार आणि संध्याकाळ अशा दोन 15 मिनिटांच्या ब्लॉकवर करा. दुपारी सौरप्रकल्प तार भरतो, संध्याकाळी ग्राहक. एकच ब्लॉक घेतला तर दोघांतला एक फुकट सुटतो. जाळीदार रचनेत स्लॅक बस, मोजणीचा ब्लॉक आणि उलट प्रवाहाचे श्रेय द्यायचे की नाही, हे तिन्ही पहिले बिल निघण्याआधी करारात लिहून घ्या.